फतेगंजकरांनो, आज दंडाला पट्टा बांधून घ्या

सदर बाजारातल्या, कॅम्पाच्या बाजूच्या, युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलांमागच्या आणि फ्लायओव्हरच्या दोन्ही अंगांना राहणाऱ्या काका-काकूंनो, दादा-वहिनींनो, हे तुमच्यासाठी लिहिलंय. पाच-दहा मिनिटं बसून वाचा. मग उठा आणि एक काम करा.

काम साधं आहे. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजून घ्या. बोटाला सुई टोचून साखर बघून घ्या. वयाची तिशी ओलांडली असेल तर घ्याच. आणि "मला काही होत नाही हो" असं म्हणणाऱ्यांपैकी असाल, तर सगळ्यांच्या आधी घ्या.

कारण या दोन्ही दुखण्यांची खोड अशी की ती दुखतच नाहीत. दात दुखला तर माणूस रात्री अकरा वाजता डॉक्टरचं दार ठोठावतो. बीपी १७० असलेला माणूस मात्र कमाटीबागेला दोन फेऱ्या मारतो, येताना भाजी आणतो, पेपर वाचतो आणि झक्क झोपतो. त्याला काहीच होत नसतं. होत असतं ते आत, हळूहळू, वर्षानुवर्षं. घराच्या पाइपातून कायम जादा दाबाने पाणी सोडलं तर नळ चालूच राहतात, फक्त सांधे कुठेतरी झिजत जातात. मग एक दिवस भिंत ओली होते. शरीरातले हे सांधे म्हणजे मेंदूच्या, डोळ्याच्या, मूत्रपिंडाच्या आणि हृदयाच्या बारीक रक्तवाहिन्या. तिथली ओल बाहेर दिसत नाही.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ साली आले. देशात दहा कोटींहून अधिक माणसांना मधुमेह. विसाव्या वर्षापुढच्या दर शंभरांत अकराहून जास्त. रक्तदाब तर शंभरांत पस्तीस जणांना. म्हणजे तिघांत एक. आज घरी जाताना आपल्याच सोसायटीचा जिना चढता चढता दारं मोजा. एका दारामागे तीन मोठी माणसं धरली, तर दर दारामागे एक. त्यांतल्या किती जणांना आपला आकडा ठाऊक आहे? तुम्हाला तुमचा ठाऊक आहे?

नसेल तर आज विचारा. उद्या नको. आपल्या प्रभागाच्या अर्बन हेल्थ सेंटरवर ही तपासणी फुकट होते. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचं बीपी, साखर, तोंड, आणि बायकांसाठी स्तन आणि गर्भाशयाचं मुख तपासण्याचा हा सरकारी कार्यक्रमच आहे. तुमच्या करातून चालतो. तो तुमचा हक्क आहे, कुणाचे उपकार नाहीत. सरकारी केंद्रात जायला कमीपणा वाटत असेल, तर कोपऱ्यावरच्या फॅमिली डॉक्टरकडे जा. तेही नको असेल तर शेजाऱ्याकडचं मशीन मागा. पण मोजा.

आणि नीट मोजा. जिने चढून धापा टाकत आलात आणि लगेच हात पुढे केलात, तर मशीन खोटं बोलेल. आधी पाच मिनिटं शांत बसा. पाठ टेकलेली, दोन्ही पावलं जमिनीवर, पायावर पाय नको. आधीच्या अर्ध्या तासात चहा नको, तंबाखू नको. लघवी लागली असेल तर आधी जाऊन या. दंड छातीच्या उंचीवर टेकवा. आणि त्या दोन मिनिटांत बोलू नका, जे आपल्या काकांना सगळ्यात अवघड जातं. दोनदा मोजा. आकडा १४० आणि ९०च्या वर आला तर घाबरू नका, पण सोडूही नका. दुसऱ्या दिवशी परत मोजा. पुन्हा तसाच आला तर डॉक्टरांना भेटा. १८० आणि १२०च्या वर गेला आणि डोकं फुटल्यासारखं दुखतंय, छातीत दुखतंय किंवा नीट दिसत नाहीये, तर थांबू नका. तडक हॉस्पिटल.

आता जरा तुमच्या फ्रिजवर बघा. तिथे एक डबा असेल. मिठाईचा किंवा बिस्किटांचा जुना डबा, झाकण अर्धवट लागलेलं. त्यात गोळ्यांच्या पट्ट्या असतील. काही पट्ट्या कात्रीने निम्म्या कापलेल्या, त्यामुळे नाव एका तुकड्यावर आणि मुदतीची तारीख दुसऱ्यावर. त्यात अम्लोडिपिनची एक पट्टी सापडेल, दहातल्या सहा गोळ्या गेलेल्या, चार तशाच. डॉक्टरांनी लिहून दिली होती. महिनाभर घेतली. मग मोजलं तर बीपी १३० आलं. "नॉर्मल झालं की!" म्हणून बंद केली.

अहो, ते गोळीमुळे नॉर्मल झालं होतं. गोळी बंद केली की ते परत चढतं. गपचूप चढतं. ती पट्टी आज बाहेर काढा आणि ज्या डॉक्टरांनी दिली त्यांच्याकडे घेऊन जा. गोळी बंद करायची, कमी करायची की बदलायची, हे त्यांना ठरवू द्या. व्हॉट्सअॅपवर आलेल्या कारल्याच्या रसाला ठरवू देऊ नका. कारलं खा, जरूर खा. गोळीच्या जागी खाऊ नका. आणि पैशांचा प्रश्न असेल तर जनऔषधी केंद्रात जा. तिथे बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या ब्रँडेड गोळ्यांच्या मानाने फार स्वस्त मिळतात. औषध तेच असतं, फक्त वेष्टन साधं. डॉक्टरांना सांगा, औषधाचं मूळ नाव लिहून द्या. सांगायला लाजू नका.

आपलं खाणंही एकदा बघून घ्या. शेव-उसळ सोडा असं बडोद्याच्या माणसाला कोण सांगणार? मी सांगत नाही. पण वरून शेव, मग पुन्हा शेव, सोबत पापड, लोणचं, तळलेली मिरची आणि घरी येऊन लिलो चेवडो, हे रोज नको. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसभराचं मीठ पाच ग्रॅमच्या आत हवं. म्हणजे सपाट भरलेला एक छोटा चमचा, आमटी-भाजी-चपाती-ताक सगळं धरून. फरसाणाच्या दोन मुठींत त्यातलं बरंच संपतं. मिठाची बरणी जेवणाच्या टेबलावरून उचला आणि ओट्यावर ठेवा. एवढं आजच्या आज होण्यासारखं आहे.

आता आणखी कडू बोलतो, रागावू नका. बडोद्यात छातीत दुखलं की पहिलं निदान गॅसचं होतं. "शेव-उसळ जड गेली असेल. ईनो घे. ओवा खा. जरा पडून राहा." असं म्हणत घरचीच माणसं दोन-तीन तास घालवतात. कुणी वाईट हेतूने नाही, मायेने घालवतात. आणि तेवढ्यात हृदयाचा एक तुकडा कायमचा मरतो. छातीवर दाब आल्यासारखं, हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, कारण नसताना धाप, ही सगळी लक्षणं एकत्र येतीलच असं नाही. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये तर छातीत दुखतच नाही असंही होतं. नुसतं मळमळतं, पाठ भरून येते, फार थकवा वाटतो. गॅस आहे की नाही हे ईसीजीची पट्टी ठरवेल. तुम्ही ठरवू नका, आजीही ठरवणार नाही. १०८ फिरवा. गुजरातेत ही सेवा २००७पासून आहे, दिवसरात्र चालते, फुकट आहे. रुग्णाला स्कूटरवर मागे बसवून नेऊ नका. त्याला स्वतः गाडी चालवू देऊ नका. "लोक काय म्हणतील, अॅम्ब्युलन्स बोलावली आणि गॅसच निघाला" हे मनातून काढा. गॅस निघाला तर पेढे वाटा!

मेंदूचंही तसंच. तोंड एका बाजूला ओघळलं, एक हात उचलला जात नाही, बोलणं जड झालं किंवा शब्दच सापडेना, तर ते लकव्याचं लक्षण आहे. वारं लागलेलं नाही, बाहेरचं काही नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हायला हवा. म्हणून दोन गोष्टी करा. घड्याळ बघून लिहून ठेवा की माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला होता. आणि थेट अशा ठिकाणी न्या, जिथे सीटी स्कॅन आहे. त्याच्या तोंडात पाणी घालू नका, साखर घालू नका. आणि "झोपू दे जरा, सकाळी बघू" हे वाक्य आपल्या घरातून हद्दपार करा. त्या वाक्याने किती घरांत कर्ता माणूस कायमचा पलंगाला खिळला, हे आपल्या आसपास विचारून बघा.

खिळलेल्या माणसाबरोबर सगळं घर खिळतं. मूत्रपिंडं गेली की आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस, दर वेळी साधारण चार तास. त्याला नेणारं कोणी तरी लागतं. म्हणजे मुलाची नोकरी किंवा सुनेची नोकरी. नातवाची ट्यूशन बंद होते. गावाकडची जमीन निघते. बीपीची एक गोळी चुकवून हे सगळं विकत घ्यायचं का?

आणि आपण कुठे राहतो हेही आठवा. फतेगंजातून निघालात, काळाघोडा ओलांडून विश्वामित्रीचा पूल पार केलात की जेल रोडवर सयाजी हॉस्पिटल. रिक्षाने दहा-पंधरा मिनिटं. सोबत १९४९ सालापासूनचं मेडिकल कॉलेज. गोत्रीला दुसरं मोठं सरकारी रुग्णालय. खासगी तर पावला-पावलावर. डांग किंवा नंदुरबारच्या डोंगरातल्या माणसाला डॉक्टर दिसायला अर्धा दिवस चालावं लागतं. आपल्याला तेवढं लांब नाही. आपण लांब पडतो ते टाळाटाळीमुळे.

हे शहर आरोग्याच्या बाबतीत कधी मागे नव्हतं. सयाजीराव महाराजांनी आजव्याचा तलाव बांधून बडोद्याच्या नळाला स्वच्छ पाणी आणलं ते १८९२च्या सुमारास, जेव्हा देशातल्या कितीतरी शहरांत पटकीने माणसं मरत होती. कमाटीबाग १८७९ची. दांडिया बाजारात जुम्मादादांच्या आखाड्यातून प्रोफेसर माणिकरावांनी पिढ्यांच्या पिढ्या घडवल्या. याच शहरातून दत्तात्रय चिंतामण मजुमदारांनी दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश मराठीत काढला. ज्या मराठी माणसांनी बडोद्यात व्यायामाचा ज्ञानकोश लिहिला, त्यांच्या नातवंडांची पोटं आज पँटच्या पट्ट्यावरून ओघळताहेत. जरा विनोदानेच म्हणतो, पण मोजपट्टी घ्या आणि बघा. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर, बायकांची ८०च्या वर, तर साखर तपासाच. बाग समोरच आहे. रोज अर्धा तास झपाझप चाला. फाफडा-जलेबीच्या लारीपर्यंत नको, परत घरापर्यंत.

आता पैशांचं बोलू. आजार आला की घर हादरतं ते बहुतेक वेळा बिलानं.

ज्यांच्या घरात सत्तरी पूर्ण केलेलं माणूस आहे, त्यांनी इथे कान द्या. आयुष्मान वय वंदना कार्ड २९ ऑक्टोबर २०२४पासून निघतंय. सत्तर आणि त्यापुढच्या प्रत्येकाला ते काढता येतं; कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार, उत्पन्न कितीही असो. बंगला असो नाहीतर चाळ. पेन्शन असो नाहीतर नसो. आधार कार्ड पुरतं. घरात आधीपासून आयुष्मान कार्ड असेल, तर आजी-आजोबांचे पाच लाख वेगळे. खासगी विमा असला तरी चालतो. कॅम्पाजवळच्या आपल्या निवृत्त फौजी काकांसाठी एक बारीक अट आहे: माजी सैनिकांची आरोग्य योजना चालू असेल, तर ती ठेवायची की ही घ्यायची, यातलं एक निवडावं लागतं. विचारून निवडा. शंका असेल तर १४५५५ या नंबरला फोन करा.

आणि सत्तरीच्या आतल्यांसाठी, ज्यांच्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न चार लाखांच्या आत आहे, त्यांना गुजरातेत आयुष्मान-मा योजनेचं कार्ड आहे. २०२३च्या जुलैपासून राज्य सरकारने त्याचं छत्र पाच लाखांवरून दहा लाख केलं. दहा लाख! एका बायपासपेक्षा, एका कॅन्सरच्या उपचारांपेक्षा बऱ्याचदा जास्त. तरी आपल्या गल्लीत किती रिक्षावाल्यांकडे, किती लारीवाल्यांकडे हे कार्ड आहे? कागद नाही, उत्पन्नाचा दाखला नाही, वेळ नाही. कार्ड आजारी पडल्यावर काढू म्हणतात. आजारी पडल्यावर आयसीयूच्या दाराशी उभं राहून दाखला काढायला मामलतदार कचेरीत कोण जाणार?

कार्ड आज काढा. आजारी नसताना काढा. काढल्यावर कुठे ठेवलंय ते घरातल्या दोघांना तरी सांगा.

याबरोबर एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती लपवून चालणार नाही. २०२४च्या नोव्हेंबरात कडी तालुक्यातल्या बोरीसणा गावात शिबिर झालं. तिथून एकोणीस जणांना अहमदाबादच्या एका खासगी रुग्णालयात नेलं, त्यातल्या सात जणांच्या हृदयात स्टेंट बसवले आणि दोन माणसं दगावली. कार्डाचे पैसे होते म्हणून हे झालं, असा गुन्हा नोंदला गेला. म्हणून कार्ड काढू नका असं मी म्हणत नाही. पण कोणी शिबिरातून थेट ऑपरेशनच्या टेबलावर न्यायला निघालं, तर थांबा. "घरच्यांना विचारतो" म्हणा. रिपोर्ट हातात घ्या. फिल्म किंवा सीडी मागून घ्या. सयाजी हॉस्पिटलच्या डॉक्टरांना किंवा तुमच्या विश्वासाच्या डॉक्टरांना दाखवा. दुसरं मत मागणं म्हणजे डॉक्टरचा अपमान नाही. चांगला डॉक्टर स्वतःच सांगतो, दाखवून या. सही मागितलेला कागद वाचल्याशिवाय सही करू नका. चष्मा विसरला असेल तर चष्मा येईपर्यंत करू नका.

आतापर्यंत तुमच्या घरातलं बोललो. आता तुमच्या घरात येणाऱ्यांचं. सकाळी आठला भांडी घासायला येणाऱ्या मावशी, खाली खुर्चीवर रात्र काढणारा वॉचमन, गाड्या पुसणारा पोरगा. त्यांना कोण सांगणार की तपासून घे? ओपीडी सकाळी असते आणि त्यांची चार घरं पण सकाळीच असतात. सुट्टी घेतली तर पगार कापला जातो. मग तपासणी होत नाही. याला बेफिकिरी म्हणणं सोपं आहे, आणि चुकीचंही. त्यांच्या वेळेची चावी आपल्या हातात आहे. येत्या आठवड्यात एक सकाळ त्यांना द्या, पगारी. "मावशी, उद्या यायचं नाही, बीपी दाखवून या" असं सांगा. कार्डाचे कागद भरायला मुलीला त्यांच्याबरोबर पाठवा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवर दोन तास जातात. त्यातली पंधरा मिनिटं वॉचमनच्या आयुष्मान कार्डाला द्या. तुम्ही हे कराल, मला खात्री आहे. फतेगंजात गणपतीचं जेवण कधी घरमालकांपुरतं झालेलं नाही.

आणि घरातल्या बाईचं? सगळ्यांना जेवू घालून शेवटी तव्यावर उरलेली पोळी खाणारीचं? तिचं बीपी सगळ्यात शेवटी मोजलं जातं. छातीत गाठ लागली तर ती सांगत नाही, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर ती सांगत नाही. "सणाच्या दिवसांत कशाला" म्हणते. दादांनो, तिला विचारा. लाजून गप्प बसू नका. स्तनातली गाठ, तोंडातली दोन-तीन आठवडे न भरणारी जखम, दोन आठवड्यांहून जुना खोकला, यातलं काही असेल तर उद्याच्या उद्या. खोकल्याची थुंकी सरकारी केंद्रात फुकट तपासतात. क्षय निघाला तर औषधं फुकट आणि पौष्टिक खाण्यासाठी महिन्याला हजार रुपये रुग्णाच्या खात्यात येतात. आणि मावा-मसाला चघळणाऱ्यांना काय सांगू? गुटख्यावर गुजरातेत २०१२पासून बंदी आहे. दुकानात मिळतो तो भाग वेगळा. तोंड पूर्ण उघडत नसेल, तिखट झोंबत असेल, आतून पांढरं दिसत असेल, तर आज आरशासमोर उभं राहा आणि टॉर्च मारा.

आता पावसाळ्याचं बोलू. ऑगस्ट २०२४चा पूर विसरलात? विश्वामित्रीची धोक्याची पातळी २६ फूट, पाणी पस्तीस फुटांच्या वर गेलं. पूल बंद. वीज बंद. तळमजल्यावरचे लोक वरच्या मजल्यावर. तेव्हा मगरींचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितले. पण ज्यांच्या गोळ्या संपल्या, ज्यांचं डायलिसिस चुकलं, ज्यांचं इन्सुलिन बंद पडलेल्या फ्रिजात पडलं होतं, त्यांचे व्हिडिओ कोणी काढले नाहीत. नदी वाढली की दहा मिनिटांवरचं हॉस्पिटल नदीच्या पलीकडे जातं.

म्हणून जूनमध्येच तयारी करा. रोजच्या गोळ्यांचा निदान पंधरा दिवसांचा साठा घरात असू द्या. चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये आणि कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, वरच्या कपाटात. वापरायला काढलेलं इन्सुलिन फ्रिजशिवायही थंड जागेत साधारण महिनाभर टिकतं. वीज गेली तर माठाजवळ ओल्या फडक्यात ठेवा. बर्फात कधी ठेवू नका, गोठलं की वाया. डायलिसिसचा रुग्ण असेल तर अतिवृष्टीचा इशारा आला त्या दिवशीच सेंटरला फोन करून विचारा, पलीकडे यायला उशीर झाला तर काय करायचं. घराला बेट होईपर्यंत थांबू नका.

युनिव्हर्सिटीच्या मुलामुलींनो, तुम्हीही यात आहात. भाड्याच्या खोलीत राहता, रात्री लारीवर खाता, तेही ठीक. पण तुमच्या हातात मोबाइल आहे आणि तुमच्या खालच्या मजल्यावर एक आजी एकटी राहते. तिच्या कार्डाचं आधार पडताळणीचं काम तुमच्या मोबाइलवर काही मिनिटांत होतं. ओटीपी आला की तिच्यासमोरच टाका आणि तिला समजावून सांगा, ओटीपी फोनवर दुसऱ्या कोणालाही द्यायचा नाही. आणि २०२३च्या नवरात्रात गरबा खेळता खेळता तरणी माणसं कोसळल्याच्या बातम्या तुम्हीच मला दाखवल्या होत्या. कोसळलेल्या माणसाच्या छातीवर दोन्ही तळवे ठेवून जोरात, मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाब द्यायला शिका. १०८ येईपर्यंतची मिनिटं तुमच्या हातात असतात.

आणि जे लांब आहेत त्यांना. टोरांटो, मेलबर्न, न्यू जर्सी, जिथे असाल तिथे. दर रविवारी व्हिडिओ कॉल करता आणि विचारता, "बाबा, बरं आहे ना?" बाबा म्हणतात, "एकदम मस्त." ते खोटं बोलत नाहीत. त्यांना बरंच वाटतंय. पुढच्या रविवारी वेगळं विचारा. "बाबा, वरचा आकडा किती? खालचा किती? उपाशीपोटी साखर किती? कार्ड काढलं का? दाखवा कॅमेऱ्यासमोर." मशीन पाठवा, पण मशीनपेक्षा हे विचारा. दर रविवारी विचारा. कंटाळतील, चिडतील, तरी विचारा. शेजारच्या दोन घरांचे नंबर तुमच्याकडे ठेवा आणि त्या शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा की रात्री तीनला फोन आला तरी चालेल.

महापालिकेलाही विचारलं पाहिजे. केंद्रावर डॉक्टर वेळेवर बसतात का, साखरेच्या पट्ट्या संपल्या आहेत का, संध्याकाळी ओपीडी का नाही? विचारा. नगरसेवकाला विचारा, नाव घालून लेखी विचारा. आपण गेलो तरच विचारता येतं. ज्या केंद्रात कोणी जात नाही, त्याच्या गैरसोयीची तक्रार करणारंही कोणी उरत नाही.

तर आता उठा. आज रात्री आजी-आजोबांचं आधार कार्ड शोधून ठेवा. १०८ आणि १४५५५ मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजच्या दारावर चिकटवा. फ्रिजवरचा डबा खाली काढा आणि सगळ्या पट्ट्या पिशवीत भरा. उद्या सकाळी त्यांना आणि स्वतःला घेऊन निघा. उपाशीपोटी निघा, साखर बघायची आहे. चहा परत आल्यावर.